ट्रेकला रेंज नसते, तिथे मेशटॅस्टिक कसं सुरू करावं?
मेशटॅस्टिक म्हणजे मोबाइल नेटवर्कशिवाय छोट्या रेडिओ बोर्डांवरून एकमेकांना मेसेज पाठवायची सोय. आधी असे दोन बोर्ड घ्या. एकट्याचं मेश, म्हणजे एकमेकांचे मेसेज पुढे देणारं जाळं, होत नाही. हेल्टेक व्ही३ हा बोर्ड शिकायला ठीक, पण बॅटरी भराभर खातो. ट्रेकसाठी एनआरएफ५२ चिपवाला बरा. घेताना ८६८ मेगाहर्ट्झचाच बघा, ४३३ चा नको. अँटेना लावल्याशिवाय चालू करू नका, रेडिओ जळू शकतो. ब्राउझरमधूनच फर्मवेअर (बोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाका, ब्लूटूथने मोबाइल अ‍ॅप जोडा आणि रीजन ‘इंडिया’ निवडा, म्हणजे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ; ८६८ चा बोर्ड यावर चालतो. रीजन निवडेपर्यंत बोर्ड काहीच पाठवत नाही. नवखे हमखास इथेच अडकतात. हॉप, म्हणजे मेसेज एका बोर्डाकडून दुसऱ्याकडे किती उड्या मारू शकतो तो आकडा, मुळात ३ असतात, तेवढेच राहू द्या. रेंज मात्र उंचीवर ठरते: दरीत मुका पडलेला बोर्ड कड्यावर नेला की बोलायला लागतो. आणि हो, यातून मजकूर आणि लोकेशन जातं, आवाज नाही.