बांधावरचा कडुनिंब चौकटीसाठी तोडायचाय, कोणता निवडावा आन् कधी तोडावा?

नुसतं जाड बघून झाड धरू नका, पहिली फांदी जमिनीपासून किती वर फुटलीय ते बघा, सात-आठ फूट सरळ बिनफांदीचं खोड भेटलं तरच चौकटीचे उभे निघतात, नाहीतर सगळं जळतणात जातं. मग सालीच्या रेघा बघा. रेघा खोडाभवती पीळ घेत वर चालल्या असतील तर ते झाड सोडूनच द्या, असलं लाकूड वाळल्यावर हमखास वाकडं होतं आन् मग दार बसत नाही. बुडाला अळंबी उगवलीय का, ढोली हाय का, कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं ठोकून पोकळ आवाज येतोय का, तेबी बघा.

तोडायला डिसेंबर-जानेवारी बेस्ट, पावसाळ्यात तोडलं की बुरशी आन् किडा लवकर धरतो. गाभ्याचं लालसर लाकूड चौकटीला घ्या, सालीलगतचं पांढरं काढून टाका, किडा तिथंच लागतो.

आन् खरं नुकसान वाळवण्यातच होतं! आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ओलं लाकूड ठेवलं की ते तडकलंच समजा. सॉ मिलवरून कापून आणलं की लगेच दोन्ही टोकांना ऑइल पेंट मारा, सावलीत हवेशीर जागी विटांवर थर लावा, मधी पट्ट्या घाला, वर वजन ठेवा. सुताराला निदान वर्षभर थांबवा.

परवानगीचं मात्र आधी वनविभागात विचारा, साग-आंबा-चिंचेला १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्यानं ती लागतेच.