अंधारातच तोल का जातो?

प्रश्न : ताई, माझं वय ६७. केळीची बाग आहे. दिवसा बांधावरून कुठेही जातो, पण रात्रपाळीची वीज आली की मोटार चालू करायला जाताना पाय डगमगतात. मागे ठिबकच्या नळीत अडकून गुडघ्यावर पडलो. मुलगा तोल साधायचा रबरी अर्धगोळा आणतो म्हणतो. घ्यावा का?
– एक वाचक, यावल तालुका

उत्तर : अण्णा, गोळा नको. पडून झालेल्या माणसाने त्यावर एकट्याने चढू नये. घरातली गोधडी आणि एक जड खुर्ची पुरते.

दिवसा ठीक, रात्री डगमग, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. तोलाची खबर मेंदूला डोळे, आतला कान आणि पायांचे तळवे-सांधे देतात. अंधारात डोळ्यांची खबर तुटते, बराचसा भरवसा पायांवर येतो. भुसावळला माझ्याकडे येणाऱ्या बागायतदारांत हे नेहमी दिसतं. म्हणून आधी साखर तपासून घ्या. मधुमेहात तळव्यांची जाणीव कमी होते आणि पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर डॉक्टरांना सांगा, पण बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

आता व्यायाम. खोलीच्या कोपऱ्याकडे पाठ करून अनवाणी उभे राहा, पुढ्यात खुर्चीची पाठ. एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवा आणि हात सोडून १० सेकंद थांबा. एवढं जमत नसेल तर पडण्याचा धोका जास्त समजायचा आणि खुर्चीला दोन बोटं लावूनच सुरुवात करायची. अर्धा मिनिट सहज जमू लागलं की तेच चौपदरी गोधडीवर. गोधडी दबते, घोट्याला सारखं सावरावं लागतं, आणि आपल्याला नेमकं तेच हवं आहे. कापसाची गादी मात्र घेऊ नका, पाय फार रुततो.

डोळे मिटून उभं राहायचा सराव सगळ्यात शेवटी: सपाट फरशीवर, पाय जुळवून, घरातलं कुणी शेजारी असताना. गोधडी आणि मिटलेले डोळे एकत्र करू नका. एका वेळी एकच आधार काढायचा, ही माझी पक्की अट आहे.

शिवाय हात छातीशी बांधून खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा. ठेच लागल्यावर माणूस सावरतो तो मांडीच्या जोरावर. खाटेवर हे करू नका, ती मध्ये झोळते. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्यांना असा तोल आणि ताकदीचा सराव आठवड्यातून किमान तीन दिवस करायला सांगते. तुम्ही रोज केलात तरी चालेल.

तोवर रात्री एकटे जाऊ नका. डोक्याला बांधायची बॅटरी घ्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील. आणि मोटारीच्या वाटेत आडवी आलेली नळी मुलाकडून मातीखाली घालून घ्या. गोळ्याच्या पैशांत तेवढं होईल.