१५४१ चा लाल दिवा लुकलुकतोय म्हणून लगेच अलाइनमेंटच्या स्क्रूला हात लावू नका

तुमचा प्रॉब्लेम मला समजला तो असा: कमोडोर ६४ ला (१९८० च्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर) लावलेला १५४१ फ्लॉपी ड्राइव्ह चालू होतो, डिरेक्टरी कधी येते कधी नाही, प्रोग्राम लोड करायला घेतला की अर्ध्यात लाल दिवा लुकलुकायला लागतो, आणि कुणीतरी सांगितलंय की हेडची (फ्लॉपी वाचणाऱ्या भागाची) अलाइनमेंट, म्हणजे ट्रॅकवर नेमकं बसणं, गेलीय, स्टेपरचे (हेड सरकवणाऱ्या मोटरचे) स्क्रू सैल करून फिरवून बघा. ते प्लीज सगळ्यात शेवटी करा. स्क्रू एकदा हलले की मूळचा दोष कुठला आणि आपण घातलेला कुठला हे शोधण्यातच सगळा वेळ जातो.

चालू केल्यावर लाल दिवा लागून मोटर जराशी फिरते आणि मग दोन्ही बंद होतात असं तुम्ही म्हणताय, म्हणजे आतला ६५०२ प्रोसेसर, रॉम, रॅम बहुतेक धडधाकट आहेत (हा ड्राइव्ह म्हणजे स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःची डॉस (डिस्क सांभाळणारी सिस्टिम) असलेला दुसरा कॉम्प्युटरच आहे). दिवा लागलेलाच राहिला असता आणि मोटर फिरतच बसली असती तर बोर्ड उघडून ५ आणि १२ व्होल्ट मोजण्यापासून सुरुवात करावी लागली असती. तुमची केस तशी वाटत नाही.

लुकलुकणारा दिवा म्हणजे ड्राइव्हकडे सांगायला एरर आहे पण आपण ती विचारलेली नाही. एरर चॅनल, म्हणजे ड्राइव्ह आपली एरर कळवतो ती वाट, वाचा. छोटा बेसिक प्रोग्राम पुरतो: पहिल्या ओळीत ओपन १५,८,१५, दुसरीत इनपुट हॅशने (INPUT#) १५ मधून चार व्हेरिएबल वाचायचे (नंबर, मेसेज, ट्रॅक म्हणजे फ्लॉपीवरचं वर्तुळ, सेक्टर म्हणजे त्या वर्तुळाचा तुकडा, यातला मेसेज स्ट्रिंग), मग प्रिंट, मग क्लोज १५. लाइन नंबर देऊनच टाइप करा, डायरेक्ट मोडमध्ये इनपुट हॅश चालत नाही. ड्राइव्ह नुकताच चालू केला असेल तर ७३ आणि डॉसचं व्हर्जन येईल, ती एरर नव्हे, उलट चॅनल नीट बोलतोय याची खूण आहे.

आता आकडे. २१ आलं तर हेडला सिंकच (डेटा कुठे सुरू होतो ती खूण) सापडत नाहीये, म्हणजे फ्लॉपी फॉरमॅट नाही, दार नीट बसलं नाही, हेड घाण आहे किंवा मेलंय. २३ आणि २७ म्हणजे वाचलं पण चेकसम (डेटा बरोबर वाचला का ते तपासायचा आकडा) जुळला नाही. पण माझ्या मते नंबरपेक्षा त्यामागचे ट्रॅक आणि सेक्टर जास्त कामाचे. तीच फ्लॉपी परत परत लोड करा आणि कागदावर लिहीत जा. दर वेळी तोच ट्रॅक तोच सेक्टर येत असेल तर दोष बहुतेक फ्लॉपीचा, तिथला भाग गेलाय. जागा दर वेळी बदलत असेल तर ड्राइव्हकडे बघा. आणि हे स्वतः सेव्ह केलेल्या फ्लॉपीवर करा, कारण जुन्या गेम्सच्या ओरिजिनल फ्लॉप्यांवर कॉपी प्रोटेक्शनसाठी मुद्दाम एरर टाकलेल्या असायच्या.

मग सफाई. मेनची वायर आधी काढा, जुन्या १५४१ मध्ये ट्रान्सफॉर्मर आतच आहे. हेड खालच्या बाजूला आहे आणि वरच्या आर्मला फेल्टचा छोटा पॅड, जो फ्लॉपीला हेडवर दाबून धरतो. म्हणजे डेटा वाचला जातो तो लेबलच्या उलट्या बाजूचा, बरेच जण वरून बघून फ्लॉपी स्वच्छ आहे म्हणतात आणि तिथेच फसतात. आर्म अगदी थोडा उचला, बोटाने ताणून वर नेऊ नका, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला कापसाचा बड हेडवर हलकेच फिरवा. बडवर तपकिरी डाग आला तर तो तुमच्या कुठल्यातरी फ्लॉपीचा ऑक्साइड (चुंबकी लेप) आहे. पॅड पडलेला किंवा दगडासारखा कडक झाला असेल तर हेड कितीही चकाचक केलं तरी एरर येतच राहणार.

खरा गुन्हेगार बरेचदा फ्लॉपीच असते. लांबट खिडकीतून बघत मधला भाग हाताने सावकाश फिरवा, पांढुरके ठिपके म्हणजे बुरशी. फिरताना चिरका आवाज आला तर लगेच बाहेर काढा, आणि हेड पुसल्याशिवाय दुसरी चांगली फ्लॉपी अजिबात घालू नका, नाहीतर तिच्यावरही ओरखडा जाईल. नव्या म्हणून घेतलेल्या फ्लॉप्या १.२ एमबीवाल्या हाय डेन्सिटी असतील तर त्या बाजूला ठेवा, त्यांचं कोटिंग वेगळं असतं, या ड्राइव्हवर डेटा टिकत नाही. डबल डेन्सिटीच हव्यात.

हेड ज्या दांड्यांवर सरकतं तिथलं ग्रीस इतक्या वर्षांत घट्ट होतं. जुनं पुसून हलकं तेल अगदी थेंबभर, बेल्टला लागू देऊ नका. बेल्टवाली मेकॅनिझम असेल तर खालच्या चाकावर ५० आणि ६० हर्ट्झच्या पट्ट्या असतात, मेनवर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली त्या स्थिर दिसल्या की स्पीड मिनिटाला ३०० फेरे, म्हणजे बरोबर. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली हे दिसत नाही, अशा वेळी स्पीड दाखवणारा प्रोग्राम चालवा. बेल्ट सैल असेल तर बदला.

सुरुवातीला ठीक चालतो आणि अर्ध्यापाऊण तासाने बिघडतो असं असेल तर उष्णता. ड्राइव्हवर काही ठेवू नका, वरच्या फटी मोकळ्या ठेवा.

एवढं सगळं झाल्यावरच अलाइनमेंट. तिची टेस्ट सोपी आहे: याच ड्राइव्हवर फॉरमॅट करून सेव्ह केलेलं हाच ड्राइव्ह व्यवस्थित वाचतो, पण दुसऱ्या ड्राइव्हवर लिहिलेलं वाचत नाही, आणि स्पीड बरोबर आहे, तर अलाइनमेंट. याचं कारणही माहिती असू द्या, मूळ १५४१ ला ट्रॅक शून्यचा सेन्सरच नाही, त्यामुळे फॉरमॅट करताना किंवा एरर आली की हेड स्टॉपवर आपटून शून्य शोधतं, तो खडखडाट तोच. वर्षानुवर्षं आपटून स्टेपरच्या दांड्यावरची पुली सरकू शकते. स्क्रू सैल करायचेच असतील तर आधी मोटर आणि चौकटीवर मिळून मार्करने एक रेघ मारा, आणि जुळवायला फॅक्टरीत लिहिलेली ओरिजिनल फ्लॉपी घ्या (तिची डिरेक्टरी आणि साध्या फाइल्स वाचून बघा), मित्राने कॉपी करून दिलेली नको, कारण तशी फ्लॉपी त्याच्या ड्राइव्हच्या अलाइनमेंटनुसार लिहिलेली असणार.