निर्णय चुकला तर?

"मॅडम, पण निर्णय चुकला तर?"

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की समोरचा माणूस 'मॅडम, पण' म्हणून थांबला की पुढचं मला आधीच कळतं. नोकरी बदलायची असो, शिक्षणाची लाइन बदलायची असो, एखादं नातं संपवायचं असो, गाडी येऊन अडते ती इथेच. गेल्या महिन्यात लागोपाठ तीन जणांनी विचारलं तेव्हा म्हटलं एकदा लिहूनच टाकू. जिच्याबद्दल लिहितेय तिची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि सात-आठ सेशन्सचं चार संवादांत आवरतेय.

ती पस्तिशीची, नऊ वर्षं अकाउंट्समध्ये, कामाला चोख. कंपनीने तिला ट्रेनिंग डिपार्टमेंटला येतेस का म्हणून विचारलेलं, उत्तर द्यायला सहा आठवडे. त्यातले तीन संपल्यावर ती माझ्याकडे आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "मला फक्त एवढंच सांगा, घेऊ की नको?"

"आत्तापर्यंत कोणाकोणाला विचारलंस?"

ती बोटांवर मोजायला लागली. नवरा, आई, भाऊ, दोन मैत्रिणी, जुने बॉस... अकरा झाले. मी बारावी.

"मग काय म्हणाले सगळे?"

"सात जण घे म्हणाले, चार जण नको."

इथे मी एक चूक केली, कबूल करते. मी तिला फायदे-तोटे लिहून आणायला सांगितलं. पुढच्या वेळी ती चार पानं घेऊन आली, दोन रंगांच्या पेनांनी लिहिलेली, फायदे एकोणीस, तोटे अठरा, आणि वर मलाच विचारतेय, "तोट्यांना जास्त वजन द्यायचं असतं का हो?" म्हणजे मी काय केलं तर विचारायला तिला अजून एक जण दिला, कागद नावाचा तेरावा.

त्या रात्री नोंदी लिहिताना मला खटकलं. पहिल्याच माणसाने 'घे' म्हटलं तेव्हा ही थांबली का नाही? 'नको' म्हणणाऱ्यापाशी पण थांबली नाही. उत्तरं तर ढिगाने होती तिच्याकडे. तिला हवा होता जामीन. उद्या काही बिनसलं तर ज्याच्याकडे बोट दाखवता येईल असं कोणीतरी, आणि अकरा जणांपैकी एकही तेवढा भक्कम वाटत नव्हता, म्हणून मग फी देऊन माझ्याकडे.

तिसऱ्या सेशनला विचारलं, "समजा मी म्हटलं घे. आणि नाही जमलं. मग?"

ती ओशाळून हसली. "मग म्हणेन, मॅडमनी सांगितलेलं."

"बरं. आणि मस्त जमलं तर?"

"तर... तरी तुम्हीच सांगितलेलं ना."

मी गप्प बसले. गप्प बसणं शिकायला मला या कामात सगळ्यात जास्त वर्षं लागली, अजूनही जीभ वळवळते. ती बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळतेय, सोडतेय, परत गुंडाळतेय. बऱ्याच वेळाने म्हणाली,

"म्हणजे दोन्हीकडून माझं असं काहीच नाही?"

हे वाक्य मला पहिल्या दिवशीच बोलता आलं असतं. तिने मान डोलावली असती, वहीत लिहून घेतलं असतं आणि घरी जाऊन कोणालातरी विचारलं असतं की मॅडम म्हणतात ते बरोबर आहे का. तिच्या तोंडून आलं म्हणून ते टिकलं.

आता थोडं माझं शास्त्र. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने काम करते, १९५५ पासून हा माणूस सांगत होता की आपल्याला घटना तेवढी छळत नाही जेवढा आपला हट्ट छळतो. मराठीत हा हट्ट एका अक्षरात सापडतो, 'च'. 'निर्णय बरोबरच आला पाहिजे.' तो 'च' काढा आणि म्हणून बघा, 'बरोबर आला तर मला आवडेल, नाही आला तर त्रास होईल, पण निस्तरेन.' एलिस स्वतः मुलींशी बोलायला भयंकर घाबरायचा. १९ वर्षांचा असताना त्याने ठरवलं की जवळच्या बागेत जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून बोलायचं. महिन्याभरात अशा १३० जणी झाल्या, ३० तर लगेच उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं, त्यातली एकच भेटायला हो म्हणाली आणि ती पण आली नाही! भीती मात्र गेली.

हा किस्सा तिला सांगितला तर "म्हणजे १३० मध्ये शून्य?" म्हणून ती खळखळून हसली. पहिल्यांदाच.

मग तिला होमवर्क दिला, आठवडाभर रोज एक बारीकसा निर्णय कोणालाही न विचारता घ्यायचा. फोटो पाठवून 'कसं आहे?' हे पण बंद. परत आली तेव्हा खांद्यावर मोरपंखी रंगाची नवी बॅग.

"चुकला. घरी आणल्यावर आवडलाच नाही रंग."

"मग काय केलंस?"

"काय करणार, वापरतेय."

हे 'वापरतेय' मला लाख मोलाचं वाटलं.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी एक सांगते, लोकांना जरूर विचारा, पण माहिती विचारा. ज्याने ते काम केलंय त्याला विचारा की दिवस कसा जातो, कंटाळा कशाचा येतो. 'मी करू का?' ही परवानगी झाली, ती मागायला लागलात की थांबा. निर्णयाला तारीख घाला, नाहीतर विचार करणं हाच उद्योग होऊन बसतो. परत फिरता येण्यासारखा निर्णय असेल तर त्याच्यावर महिने घालवू नका, आणि नसेल तर वेळ घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणखी एक, गिलोविच आणि मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडलं होतं की केलेल्या गोष्टींचा पस्तावा सुरुवातीला जास्त बोचतो, पण खूप वर्षांनी मागे वळून बघताना न केलेल्या गोष्टी जास्त सलतात. चुकीची भीती आपण नेहमी पहिल्या महिन्याच्या हिशोबाने मोजतो, घोळ तिथेच होतो.

तिने ट्रेनिंगचं काम घेतलं. दोन आठवड्यांत फोन, "मॅडम चुकलंच वाटतं, काही सुधरत नाही, तिकडे मला सगळं यायचं." म्हटलं, नऊ वर्षांच्या सवयीशी दोन आठवड्यांची तुलना करतेयस. नवं असणं आणि चुकीचं असणं आतून अगदी सारखंच वाटतं, लगेच फरक करायला जाऊ नकोस, तीन महिन्यांनी बघ. तीन महिन्यांनी काय वाटलं ते तिने मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

शेवटच्या सेशनला उठता उठता म्हणाली, "पुढची अपॉइंटमेंट घेऊ का?" मी तोंड उघडणार तेवढ्यात तीच हसायला लागली. "नको. लागली तर मी करेन फोन."

खरं सांगू, ती गेल्यावर जराशी खट्टू झाले मी.