डोळखांबकडची केबिन : सोलरच्या आधी टाकीचा हिशोब करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : राहता घोडबंदर रोडला, दोघंही घरून काम करता, सासऱ्यांची शेतजमीन शहापूर तालुक्यात डोळखांबच्या पुढे आहे आणि महावितरणचा खांब तिथून बराच लांब. तिथे छोटी केबिन बांधून महिन्यातले निम्मे दिवस जोडणीशिवाय राहायचंय. किती किलोवॅट सोलर लागेल, अनुदान मिळेल का आणि कंटेनर घ्यावा की लाकडी केबिन, हे तुम्ही विचारलंत.

सोलरचं उत्तर सोपं आहे, ते आधी उरकतो. दोन लॅपटॉप दिवसभर चालले की एक युनिट. दोन बीएलडीसी पंखे (तीस वॅटचे, साधा पंखा सत्तर-पंचाहत्तर खातो) बारा तास चालले की पाऊण युनिट. दिवे, राउटर आणि अर्धा तास पंप मिळून आणखी सहा-सात दशांश. म्हणजे फ्रिजशिवाय अडीच युनिटांत दिवस निघतो. आपल्याकडे एक किलोवॅट पॅनेल उन्हाच्या दिवसांत चार युनिटांच्या आसपास देतं. पण जुलैची झड लागली की तेच पॅनेल एका युनिटावर येतं, कधी त्याच्याही खाली. म्हणून दीड किलोवॅट पॅनेल आणि पाच युनिट साठवणारी लिथियम बॅटरी घ्या. लेड-ॲसिड स्वस्त दिसते, पण ती निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, शिवाय डिस्टिल्ड वॉटर घालत बसावं लागतं. फ्रिज घेतलात तर पावसाळ्यात तो बंद ठेवायची तयारी ठेवा. वळवाच्या विजा त्या पट्ट्यात जोरात होतात, तेव्हा अर्थिंगमध्ये कंजुषी नको. अनुदान विसरा. २०२४ ची सूर्यघर योजना ग्रिडला जोडलेल्या छतांसाठी आहे, तुमच्या केबिनला ती लागू नाही.

आता खरा प्रश्न, जो तुम्ही विचारलाच नाहीत. पाणी.

शहापूर तालुक्यातून भातसा, तानसा, मोडकसागरचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. पावसात चहूकडे ओहोळ वाहताना जमीन बघितलीत तर 'पाण्याची काय कमी' असं वाटेल. तीच जमीन एप्रिलच्या शेवटी बघा. बोअरवर भिस्त ठेवू नका. खाली काळा पाषाण आहे, पाणी असतं ते भेगांत. शेजाऱ्याला लागलं म्हणून तुम्हाला लागेलच असं नाही.

त्यापेक्षा छताचं पाणी धरा. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. छत चाळीस चौरस मीटरचं आणि हंगामाचा पाऊस दोन हजार मिलिमीटर धरला (त्या भागात साधारण याहून जास्तच पडतो), तरी ऐंशी हजार लिटर होतात. पाणी उदंड आहे, अडचण साठवणीची. दोघांना काटकसरीने रोज शंभर लिटर, महिन्यातले पंधरा दिवस, ऑक्टोबर ते मे आठ महिने : बारा हजार लिटर. गळती आणि पाहुणे धरून पंधरा हजारांची फेरोसिमेंटची (लोखंडी जाळीवर सिमेंट थापलेली) टाकी बांधा. आत उजेड जाता कामा नये, नाहीतर शेवाळ धरतं. झाकणाला आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी हवीच, डासाला बोटभर फट पुरते. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी टाकीत घेऊ नका. पन्हळीच्या खाली टोपण लावलेला उभा पाइप ठेवा, म्हणजे छतावरची धूळ, पाला आणि पक्ष्यांची घाण त्यातून बाहेर काढता येते. छताला सिमेंटचे ॲस्बेस्टॉस पत्रे तर अजिबात नकोत.

कंटेनर की लाकूड? माझं मत विचाराल तर दोन्ही नको. व्हिडिओतल्या अलास्काच्या केबिन थंडीशी लढायला बांधलेल्या असतात : घट्ट बंद, छोट्या खिडक्या, आत शेगडी. आपली लढाई ओल, वाळवी आणि एप्रिल-मेच्या उन्हाशी आहे. चाळिशी पार झालेल्या दुपारी पत्र्याच्या कंटेनरमध्ये लॅपटॉपही तापून बंद पडतो. पाड्यावरची जुनी घरं नीट बघा : कारवीच्या कुडावर माती-शेणाचं लिंपण, उंच जोतं, आणि वळचण इतकी पुढे आलेली की पागोळ्या भिंतीपासून हातभर लांब पडतात. तसंच जोतं दगडाचं घ्या, तीन बाजूंना पडवी काढा, समोरासमोर खिडक्या ठेवा. गवंडी तिथलाच घ्या. तो दार पश्चिमेला का नको म्हणतो ते ऐका, पाऊस तिकडूनच झोडपतो. आणि पावसाळ्यात ओल लागते म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

झोपायचा विषय निघालाच आहे तर, मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. चावल्याचं बरेचदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. खाट हवी आणि मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली हवी. एवढ्यानं मोठा धोका टळतो. शहापूरच्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का, हे आधी स्वतः जाऊन विचारा, आणि रात्री गाडी काढणारा पाड्यावर कोण आहे तेही. १०८ ला फोन लावायला रेंज लागते. कोणत्या कंपनीची रेंज कुठल्या टेपावर येते ते केबिनची जागा ठरवण्याआधी बघा. परवानगीशिवाय सिग्नल बूस्टर लावणं बेकायदेशीर आहे.

फेब्रुवारीत गवत वाळलं की वणव्याचे दिवस. केबिनभोवती आठ-दहा मीटरचा जाळपट्टा काढून साफ ठेवा.

कागदांचं लवकर सांगतो. सासऱ्यांच्या नावावर जमीन आहे, तेव्हा शेतकरी असण्याचा प्रश्न नाही. पण सातबाऱ्यावर इतर हक्कात खाजगी वन, नवीन शर्त (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) किंवा आदिवासी जमिनीची नोंद आहे का, ते तलाठ्याकडे बसून वाचा. बांधकामाची परवानगी त्यानंतर.

आणि एक करा. पैसे घालण्याआधी जुलैत चार दिवस आणि मेमध्ये चार दिवस त्याच गावात कुणाच्या तरी पडवीत राहून या, लॅपटॉपसकट. ते झालं की सोलरवाल्याचं कोटेशन इथे टाका. इन्व्हर्टर रिकामा असताना किती वॅट खातो आणि वायर किती जाडीची दिली आहे, हे दोन आकडे त्यात नसतील तर आधी मागून घ्या, मग पुढचं बघू.