आजीचे गुडघे: ऑपरेशन करायचं की नाही?

प्रश्न: आजी ७८ वर्षांची आहे, दोन्ही गुडघे झिजलेत, डॉक्टर रिप्लेसमेंट करा म्हणतात पण घरात सगळे घाबरलेत, या वयात झेपेल का?

उत्तर: नुसत्या वयावरून नाही म्हणू नका. एक्स-रे कितीही खराब दिसू दे, खरा प्रश्न हा की दुखण्याने रात्री झोपमोड होते का, बाथरूमपर्यंत जातानाही भिंत धरावी लागते का, आणि व्यायाम, गोळ्या, काठी हे सगळं नीट करून झालंय का. झालं असेल आणि तरी हाल होत असतील तर ऑपरेशनचा विचार जरूर करा. आधी हार्ट, किडनी, शुगर तपासून घ्या, दातात किंवा लघवीत इन्फेक्शन असेल तर ते आधी बरं करा कारण नव्या सांध्यात जंतू शिरले तर फार त्रास होतो. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही असतो, त्याबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात, पण पुढचे दोन-तीन महिने फिजिओथेरपी दुखलं तरी करावी लागते, तेव्हा सोबत कोण राहणार हे आत्ताच ठरवा. आणि आजींना स्वतःला काय वाटतं ते विचारलंत का? ते सगळ्यात आधी विचारा.