वाचक विचारतात : गळाच्या रीलमध्ये तेल किती घालू?

प्रश्न : मिऱ्याच्या बंधाऱ्यावरून गळ टाकतो, 4000 साइजचं स्पिनिंग रील आहे. खरखर करायला लागलं म्हणून व्हिडिओ बघून खोललं आणि घरात गाडीचं ग्रीस होतं ते दिसेल तिथं भरलं. खरखर गेली, पण आता हँडल मधेच उलटं फिरतं. परवा चांगली तांबोशी लागली, हिसका दिला तर रीलच मागे फिरलं आणि गेली. रील टाकून देऊ का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : टाकून कशाला देताय दादा, रील चांगलंय, ग्रीस जास्त झालंय एवढंच. तुमच्या रोटरच्या (हँडल फिरवलं की दोरा गुंडाळत फिरतो तो भाग) खाली एक वन-वे बेअरिंग असतं, त्यात बारीक रोलर आणि त्यांना ढकलणाऱ्या नाजूक स्प्रिंगा. हँडल पुढे फिरवलं की रोलर मोकळे, मागे ओढलं की ते अडकून बसतात आणि रील जागच्या जागी लॉक होतं. त्यात घट्ट ग्रीस गेलं की त्या स्प्रिंगांना रोलर ढकलताच येत नाही, मग रील घसरतं. म्हणजे ज्या एका ठिकाणी ग्रीस अजिबात नको तिथेच ते गेलंय, आणि ही चूक पहिल्यांदा रील खोलणारे निम्मे लोक करतात, मी पण केलीय.

इलाज असा. स्टीलची परात घ्या, त्यात जुना पांढरा पंचा पसरा आणि रील त्याच्यावरच खोला (माझी एक स्प्रिंग फ्रीजखाली गेली ती आजतागायत तिथेच आहे). प्रत्येक स्क्रू काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, वॉशर कुठल्या क्रमाने होते ते नंतर आठवत नाही. वन-वे बेअरिंग सुटं करायला जाऊ नका, रोलर सांडले तर परत बसवताना रडू येतं. अख्खं बेअरिंगच आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून दोन-तीनदा हलवा. मोबाईल रिपेअरवाले वापरतात तेच, आयपीए म्हणून मागा, फक्त गॅसपासून लांब. पूर्ण वाळलं की सुईच्या टोकावर येईल एवढं पातळ तेल, बास.

ग्रीस लागतं ते मेन गिअर आणि पिनियनच्या (त्याला लागून फिरणारा छोटा गिअर) दातांवर, तेही ब्रशने पातळसं. बेअरिंगला तेल, गिअरला ग्रीस, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

आणि हो, मुळात खरखर का झाली? मीठ. बंधाऱ्यावर लाटेचे तुषार उडतात, पाणी सुकतं, मीठ आत राहतं आणि तेच बेअरिंग खातं. त्यावर तुम्ही कितीही तेल ओता, मीठ काही निघत नाही. घरी आलात की आधी ड्रॅग (मासा ओढायला लागला की दोरा किती जोराला सुटायचा ते ठरवणारा ब्रेक) घट्ट करा म्हणजे पाणी ड्रॅगच्या वॉशरमध्ये जाणार नाही, मग नळाची बारीक धार सोडून रील धुवा. पाणी साधं, गरम नको. गाडी धुवायचा प्रेशर पाइप तर बिलकुल नको, तो मीठ बाहेर काढण्याऐवजी आत ढकलतो. बादलीत बुडवून पण ठेवू नका. झटकून, पुसून, सावलीत वाळवा आणि मग ड्रॅग पूर्ण सैल करा, नाहीतर वॉशर दबून जातात आणि पुढच्या वेळी ड्रॅग झटके देत सुटतो.

लाइन रोलर विसरू नका, बेलवरचं (दोरा पकडणारी तारेची कमान) ते छोटं चाक ज्याच्यावरून दोरा फिरतो. सगळ्यात आधी तेच जाम होतं आणि दोरा घासून तुटतो. दर दोन-तीन वेळा गळ टाकून आलात की तेलाचा एक थेंब. फक्त डायवाचं मॅगसीलवालं रील असेल तर त्या सीलच्या जागी आपलं तेल घालू नका, तिथे त्यांचं चुंबकीय तेल असतं, साध्या तेलाने ते बिघडतं.

प्रश्न : बाबांचं जुनं रील माळ्यावर सापडलं. मी खोबरेल घातलं, दोन दिवस छान फिरलं आणि थंडी पडल्यावर घट्ट झालं. डब्ल्यूडी-40 मारू का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : ताई, खोबरेल साधारण 24 अंशाच्या खाली थिजतं, डोक्याला लावायच्या बाटलीत बघितलंच असेल. शिवाय जुनं झालं की चिकट होतं आणि धूळ धरतं. डब्ल्यूडी-40 मधलं डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणं. जाम झालेला स्क्रू सोडवायला झकास, पण आतलं ग्रीस धुऊन टाकतं आणि स्वतः फार दिवस टिकत नाही, म्हणून एकट्या त्याच्यावर रील सोडू नका. खोलून भांडी घासायचा लिक्विड साबण, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन चिकटा काढा, नीट वाळवा. मग बेअरिंगला शिलाई मशीनचं तेल चालतं, स्वस्त आणि कुठेही मिळतं. ड्रॅगच्या वॉशरला मात्र ते लावू नका.

प्रश्न : मी उजनीच्या बॅकवॉटरला जातो, गोडं पाणी आहे, मग धुवायची गरज काय?
— एक वाचक, भिगवण

उत्तर : मीठ नाही, पण रेती आहे ना! रील काठावर आडवं ठेवता तिथेच ती हँडलच्या आणि स्पूलच्या (दोरा गुंडाळलेली रिळं) फटीत शिरते. दर वेळी धुवायला नको, ओल्या फडक्याने पुसा आणि रॉड जमिनीवर टेकवायचं सोडा, काठावर दोन बेचक्या रोवल्या की काम झालं.